क्राउसकडची बंदूक

...नाही, पण मला सांगा, चौकशी नको का करायला? घोडा घेताना माणूस दात बघतो, पिकअप घेताना तिच्याखाली आडवा होऊन बघतो, आणि बंदूक, तीही आपल्या खांद्याच्या मापानं खास बनवून घ्यायची, तर बनवणारा कसा आहे ते विचारायचं नाही? बायको म्हणते, "लाइल, माझ्याशी लग्न करताना नाही केलीस एवढी चौकशी!" आता हिला काय सांगू... तेव्हा अक्कल कुठे होती!

तर तुम्हाला सांगतो, इथे मोंटानाच्या डोंगरात एल्कमागे, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणामागे, धावायला माझे गुडघे आता फार तर चार हंगाम साथ देतील. त्यात माझी जुनी बंदूक म्हणजे... रोखा पूर्वेला, गोळी उत्तरेला! म्हटलं, निदान शेवटची तरी झकास असावी. आणि बंदूक बनवणारा म्हणून नाव एकच, टेकडीपलीकडचा क्राउस. पण नुसतं नाव असून काय होतंय? चौकशी नको का करायला?

पहिला गेलो हार्लन खाटकाकडे. त्यानं सुरी खाली ठेवून डोळेच मिटले. "क्राउस? अरे, देव आहे देव! घोडा दाबावा तर लोण्यासारखा!"

म्हटलं, दाखव बघू.

"अजून बनतेय."

मग लोणी कुठे पाहिलंस रे?

"पाद्रीबाबा सांगत होते."

गेलो पाद्रीबाबांकडे. "बाळा, त्या हातांवर कृपा आहे!" तुमची बंदूक कुठाय बाबा? "मी श्रद्धेनं वाट पाहतोय." मग लोण्याचं कुणी सांगितलं? "आपला हार्लन!"

घ्या! शेवटी कळलं, अ‍ॅडेलीनबाईंकडे आहे. नवऱ्यानं सांगून ठेवलेली, तो गेल्यावर घरपोच आली म्हणे. धावलो. भिंतीवर लखलखत होती हो! चालते कशी, बाई? "चालवायची? छे! नाताळात मी तिच्यावर दिव्यांची माळ सोडते. फार शोभते!"

आता दिव्यांच्या माळेवरून नेम कळतो का? तरी म्हटलं, चला, समक्षच बघू, आणि थेट क्राउसचं दार ठोठावलं. म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "तूच का लाइल? मी चौकशी केलीय तुझी."

माझी?

"मग? चौकशी नको का करायला? मोटेलच्या दारातल्या सिमेंटच्या एल्कवर धुक्यात गोळी झाडणारा तूच ना?"

अहो, धुकं फार होतं...

"ते सोड. लागली नाही म्हणे!"

सिमेंटचा एल्क, जागचा हलला नाही, आणि माझी गोळी शेजारच्या बर्फ बनवायच्या यंत्रात!

म्हातारा म्हणाला, "बंदूक देईन. गुडघे बघूनच दया येते तुझी. पण नळीवर माझं नाव कोरणार नाही, आणि कुणाला सांगायचं नाही. तू नेम चुकणार, बदनाम मी होणार!"

कबूल झालो. आणि हंगाम सुरू होताच बंदूक दिली हो त्यानं! काय सांगू तुम्हाला... खांद्याला लागली आणि वाटलं, आपल्याबरोबरच जन्मली ही! दरीपलीकडे एल्क उभा, हा एवढा शिंगांचा डोलारा, हलका श्वास सोडला, घोडा दाबला... आडवा! मी तिथेच बर्फात बसून रडलो. लाज कसली!

पण गावात? हार्लन मांस कापताना विचारतो, "एकाच गोळीत? तू? कुणाची बंदूक?" शब्द दिलेला ना! म्हटलं... बिलिंग्ज शहरातल्या एका दुकानातली.

झालं! हार्लननं क्राउसला बंदूक नको म्हणून कळवलं, पाद्रीबाबांची श्रद्धा उडाली, अर्धं गाव दुकान शोधत बिलिंग्जला. आणि आज सकाळी क्राउसचा फोन. काकुळतीला आला होता बिचारा.

"लाइल, हा बिलिंग्जवाला कोण रे? माझ्यापेक्षा चांगल्या बनवतो म्हणतात... जरा चौकशी करशील?"

निघालोय बिलिंग्जला. कुणाला काही आणायचंय?