हळद लागलेली पूड

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य अमरसिंह सर, माझे मार्गदर्शक रामप्रसाद सर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सर्व प्राध्यापक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आज निवृत्त होणारे आमच्या प्रयोगशाळेचे बद्रीनाथमामा. मामा, खुर्चीला नीट टेकून बसा. पाण्याचे ग्लास आज दुसरं कुणीतरी फिरवेल.

मी धर्मापुरीची स्वप्नाली. इथे अंबाजोगाईत एम.टेक. करताना माझ्या वाट्याला निकेलच्या मिश्रधातूची पूड आली होती. विमानाच्या इंजिनात लालबुंद तापूनही टिकतो, तो हा धातू. पूड साच्यात भरून तापवत तापवत दाबली, की कण एकजीव होऊन अखंड वडी निघते. मोठ्या मिनतवारीनं मिळालेली पूड, भांडं एकच!

आणि आली खंडेनवमी. मामांनी पूड तापवून दाबणाऱ्या हॉट प्रेसची पूजा केली, भट्टीची केली, मग माझ्या भांड्याचं झाकण काढून त्यातही हळदकुंकू वाहिलं. धूप दाखवला, फुलं उचलली, भांडं हलवून झाकण लावून टाकलं. मला काय पत्ता?

वड्या निघाल्या चकचकीत. ओढून पाहिल्या, तर निम्म्या ताणातच तुटल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तो काय, पिकलं सीताफळ उघडावं तसा कण न् कण सुटा, आणि प्रत्येकाभोवती काळी कड. हळद जळून कणांच्या अंगावर बसली होती, ती त्यांना एकमेकांना भिडूच देईना.

"भांडं कुणी उघडलं होतं?" रामप्रसाद सरांनी विचारलं. सरांचा तो आवाज जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेलच. मामा लगेच पुढे आले.

"म्या उघडलं सर. द्येवापुढं झाकलेलं कसं ठिवायचं? ताईचं काम लई चांगलं व्हावं म्हून..."

सरांनी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "स्वप्नाली, आता घाणीचाच अभ्यास कर." उरलेली पूड धुऊन-वाळवून घेतली, आणि कोणत्या घाणीनं जोड किती कच्चा राहतो ते पाहायला तिला आम्ही कधी दमट हवा, कधी हाताचं तेल, कधी धूळ मुद्दाम लावली. मामांना हळद मोजून टाकायला सांगितलं, तर बिचाऱ्यांचा हात उचलेना. फार गोड दिवस होते ते, आज फार आठवतात.

पण वर्ष हुकलंच. तेव्हापासून मामा भेटले की म्हणतात, "ताई, माझ्यापायी तुमचं वर्ष गेलं." परवा फोनवरही तेच!

मामा, तुम्हाला कधी न सांगितलेलं आज सांगते. शिक्षण संपताच माझ्या लग्नाचा बार उडायचा होता. मला ते नको होतं, आणि बाबांपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती. परीक्षा लांबली, मुलाकडची मंडळी थांबली नाहीत. त्या वर्षातल्या कामावरच मी पुढे पीएच.डी. केली. माझं वर्ष गेलं नाही, मामा. माझं स्वतःचं म्हणावं असं ते पहिलंच वर्ष मला तुमच्यामुळे मिळालं.

सरांचे, मामांच्या संसाराचा भार सांभाळणाऱ्या केशरमामींचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. आणि मामा, डोळे पुसा आता, मलाही बघवत नाही.