खिडकीजवळचं टेबल

माशाबद्दल माझी तक्रारच नाही हो, मासा बिचारा चांगला होता, तक्रार आहे ती साडूबद्दल, आणि तीही मी तोंडाने करत नाही, कारण, तुम्हाला सांगतो, मी भांडत नाही, मी लिहून ठेवतो.

एकोणीस वर्षं झाली. दर सुट्टीत आमचं सगळं सासर, म्हणजे सासूबाई, मेहुणी, तिचा नवरा म्हणजे हे साडू, त्यांची पोरं, आमची पोरं, अशी अकरा माणसं त्याच समुद्रकिनाऱ्यावर त्याच भाड्याच्या घरात जाऊन पडतात, आणि एकोणीस वर्षं मी तिथल्या प्रत्येक खाण्याच्या जागेची वहीत नोंद ठेवतोय. कुठलं टेबल डुगडुगतं, कुठे वारा ताटात वाळू आणतो, सूप समोर आलं तेव्हा वाफ होती की नव्हती, कुठला वाढपी हो हो म्हणतो आणि विसरतो. लोक हसतात. हसोत. पण बारा वाजले, पोटात कावळे ओरडायला लागले की सगळे बघतात कुणाकडे? माझ्याकडे. आणि नियमही मीच घालून दिलाय, जेवायच्या जागेवरून वाद नको, वहीत जिला चांगलं म्हटलंय तिथे जायचं, तोंडी मत चालणार नाही. हा नियम लक्षात ठेवा, याच नियमाने माझा गळा धरला.

आता एक जागा मात्र मी कुणाला दाखवली नव्हती. वहीच्या अगदी शेवटच्या पानांवर लिहायचो. दीपगृहाच्या मागे, बत्तीस पायऱ्या उतरून, चार टेबलं, एक बाई, एक चूल. खिडकीजवळचं टेबल आमचं, म्हणजे माझं आणि बायकोचं, वर्षातून एक दुपार, सगळ्यांना झोपवून आम्ही दोघं निसटायचो. बाई बोलायची नाही. नुसती दोन बोटं वर करायची, म्हणजे दोन मासे का, मी मान डोलवायचो, बस. अकरा वर्षांत आमचं एवढंच संभाषण, पण असा जिव्हाळा मला सख्ख्या भावाकडून मिळालेला नाही.

आणि गेल्या वर्षी काय झालं? मी पोहायला गेलो, वही टॉवेलखाली. साडूने टॉवेल उचलला. ओले हात पुसायला, असं तो म्हणतो. हात पुसायला वही शेवटच्या पानापर्यंत उलटावी लागते का?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अकराच्या अकरा माणसांची वरात दीपगृहामागे. माझ्या खिडकीत साडू. ठीक आहे, तेही गिळलं असतं. पण हा माणूस बाईला हाक मारतो, आणि माझी वही काढून मोठ्याने वाचायला लागतो, "ऐका ऐका, आमच्या साडूभाऊंनी तुमच्याबद्दल काय काय लिहिलंय... मासा उत्तम... लिंबू ताजं... आणि हे बघा, मीठ जास्त, तीन वेळा, तारखांसकट!"

सगळे हसले. बाई हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आत गेली, आणि माझं ताट घेऊन आली. अळणी. पूर्ण अळणी. वर मिठाचं भांडं माझ्यासमोर असं ठेवलं की टेबल हललं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, आणि मी काय केलं, खाल्लेलं मीठ मोजलं. परतताना बायको बत्तीस पायऱ्या माझ्या पुढे चढून गेली. घरी आल्यावर फक्त म्हणाली, "गेलं आपलं टेबल."

मी साडूला काही बोललो? नाही. मी भांडत नाही, मी लिहून ठेवतो. आणि या वर्षी मी लिहिलं.

किनाऱ्यावर ते निळ्या छत्र्यांचं मोठं हॉटेल आहे ना, त्या गावातली सगळ्यात वाईट जागा. भाज्या शिजवून शिजवून लगदा केलेल्या, सूप कोमट, आणि दोन वाजता एक माणूस येऊन माइकवर गातो. माझ्याकडे त्याच्या सात नोंदी आहेत, एकट्याने जाऊन चाखून केलेल्या, सातही शिव्या देणाऱ्या, त्या पानांना मी पिन मारली आणि नवीन पान लिहिलं. काय लिहिलं विचारा. स्तुती. नुसती स्तुती. "सूप अप्रतिम. खुर्च्या आरामशीर. गायन श्रवणीय." आयुष्यात पहिल्यांदा वहीत खोटं लिहीत होतो हो, पण साडू तो लगदा गिळतोय हे डोळ्यांसमोर आणलं की पुढचं वाक्य सुचायचं. वही उघडी ठेवली, वर चष्मा ठेवला, आणि पोहायला गेलो.

बेत साधा होता. ती नऊ माणसं निळ्या छत्र्यांखाली, आणि आम्ही दोघं दीपगृहामागे जाऊन बाईची माफी मागणार.

परत येतो तर साडू दारातच. "साडूभाऊ, चला, कपडे बदला. यंदा निळ्या छत्र्या. वहीत आहे."

मी बायकोला बाजूला घेतलं, म्हटलं आपण नको जायला. "का?" म्हणाली. "अहो, तुम्हीच लिहिलंय ना? अप्रतिम लिहिलंय. एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्या स्वयंपाकाला अप्रतिम म्हटलं नाहीत, मला बघायचंच आहे ते सूप." खरं सांगावं तर वही गेली, एकोणीस वर्षं गेली. गेलो.

आणि सासूबाईंना ते आवडलं.

आवडलं म्हणजे काय, त्यांच्या दाढा गेल्या वर्षीच काढलेल्या, त्यांना तो लगदा म्हणजे अमृत. "जावईबापू," म्हणाल्या, "इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होती ही जागा? चावावं लागत नाही, पायऱ्या नाहीत, खुर्चीला हात आहेत, आणि तो गाणारा मुलगा किती गुणी आहे. आता रोज इथेच." रोज. वहीत आहे ना. माझ्याच नियमाने मी रोज.

एकच समाधान होतं. साडू. सगळ्यांना बसवायचा, सूप आलं की उठायचा. "ऑफिसचा फोन आहे, तुम्ही सुरू करा, साडूभाऊ आहेत ना बघायला." आणि गायब. मी मनात म्हणायचो, पळ बेट्या, सोसवत नाही ना, पळ. चार दिवस मी तो लगदा त्या एका आनंदावर खाल्ला. चार दिवस दहा जणांची ताटं, सासूबाईंची फर्माईश घेऊन गाणाऱ्याकडे जाणं, सगळं मी केलं, हसत केलं.

पाचव्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून निसटलो. खोटं नव्हतं. बत्तीस पायऱ्या उतरलो, दारात माफीचे शब्द जुळवत उभा राहिलो, आणि बघतो तर खिडकीत साडू. समोर मासा. अर्धा संपलेला. बाई त्याला लिंबू कापून देत होती, आणि बोलत होती. बोलत होती हो! अकरा वर्षांत माझ्याशी दोन बोटं, आणि याच्याशी मुलीच्या लग्नाच्या गोष्टी.

"या साडूभाऊ," म्हणाला, जराही न दचकता, "एक दिवस उशीरच केलात. मला वाटलं चौथ्या दिवशी याल."

"ऑफिसचा फोन?" मी म्हटलं.

"तुमचं ते पान," म्हणाला, "वाचल्या वाचल्या कळलं मला. एकोणीस वर्षांत तुम्ही एक जागा दोष काढल्याशिवाय सोडली नाहीत. ही बाई तुमची लाडकी, तिचंही मीठ काढलंत. आणि त्या पानावर एक दोष नाही? सासूबाईंना मऊ हवं होतं, मला खिडकी हवी होती. म्हटलं, लिहिलंय त्यांनी, तर त्यांनाच बसवू."

मी खणला तो खड्डा, त्याने मला त्यात बसवून वर सासूबाईंची जबाबदारी दिली. मी समोरची खुर्ची ओढली. डुगडुगत होती. बाई आली, माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, एकच, आणि थोड्या वेळाने ताट ठेवलं. अळणी. शेजारी मिठाचं भांडं.

"घाला हवं तेवढं," म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

मी भांडत नाही. मी मीठ घातलं, एक घास खाल्ला, साडू बघत होता, बाई बघत होती, मग खिशातून वही काढली, तारीख घातली, आणि लिहिलं, "मासा उत्तम. मीठ जास्त. मीच घातलं."