त्या कवितेतला फ्रीज

...नाही, मला सांगा, तेवीस वर्षं संसार करून बायकोच्या चार ओळी समजायला माणसाला शिकवणी लावावी लागते, हा काय न्याय झाला? आणि तीही दर शनिवारी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला! मी आपला फ्रीज दुरुस्त करणारा माणूस!

तुम्हाला सांगतो, बायको ग्रंथालयात कारकून. तिथल्या वार्षिक अंकात हिची कविता छापून आली आणि मला पत्ताच नाही! मेहुणा अंक नाचवत दुकानात आला, "दाजी, अभिनंदन! तुम्ही छापून आलात!" मी स्क्रू-ड्रायव्हर ठेवला, हात पुसले, वाचलं. कवितेचं नाव 'फ्रीज'.

बाहेरून पांढरा, आतून गार,
दिवसभर एकटाच गुणगुणणार.
आत दिवा आहे म्हणतात, पण
कोणीतरी आधी उघडावं दार.

म्हटलं, वा! कामाच्या दृष्टीनं एक चूक नाही! दाराशी बटण असतं, दार उघडलं की दिवा लागतो, अगदी बरोबर. फक्त ते गुणगुणणं दिवसभर नसतं, थांबून थांबून असतं, सलग आलं की थर्मोस्टॅट गेला समजायचं. आणि हे मी घरी जाऊन हिला कौतुकानं सांगितलं हो! ही भाजी चिरत होती. सुरी थांबली. "एवढंच कळलं?" म्हणाली, आणि परत चिरायला लागली... त्या 'एवढंच'नं माझी झोप उडवली!

झालं, नाव घातलं कवितेच्या वर्गात. शाळेतली खोली, बाक लहान मुलांचे, गुडघे घालायचे कुठे हा पहिला प्रश्न! शिकवायला एक निवृत्त बाई, आवाज असा की खडूसुद्धा दचकावा. "ज्याची तुलना करायची ते उपमेय! ज्याच्याशी करायची ते उपमान! म्हणा!" आम्ही म्हटलं. पहिल्या शनिवारी उपमा. म्हणजे नवरा फ्रीजसारखा. ठीक आहे, 'सारखा' म्हणजे मधे थोडं अंतर आहे, अब्रू शाबूत आहे. दुसऱ्या शनिवारी उत्प्रेक्षा. नवरा जणू फ्रीजच! जरा घाम फुटला. तिसऱ्या शनिवारी रूपक, नवरा हाच फ्रीज, दोघांत फरकच नाही! आणि चौथ्या शनिवारी अपन्हुती, "हा नवरा नव्हेच, हा फ्रीज आहे!" म्हणजे मी मुळापासून रद्द! आता बोला! मी आपला फ्रीज दुरुस्त करणारा माणूस, मला काय माहीत फ्रीज होण्याचे इतके प्रकार असतात!

पाचव्या शनिवारी बाईंनी फळ्यावर कविता लिहिली. बघतो तर हिचीच! बाईंना बिचाऱ्यांना काय ठाऊक मी कोण. "सांगा, उपमेय कोण?" पुढच्या बाकावर एक नर्सबाई बसायच्या, त्या तडक म्हणाल्या, "नवरा! दुसरं कोण असणार?" वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावर एक पोस्टमन होता, तो म्हणाला, "बिचारी! बोलत असेल कुणाशी?" बाई खूश! "शाबास! पण नवरा हा शब्द कवितेत आहे का? नाही! बोलायचं फ्रीजला, लागायचं नवऱ्याला. लेकी बोले सुने लागे. ही अन्योक्ती! कोणाला काही शंका?"

माझा हात वर! कसा गेला देवाला ठाऊक. म्हटलं, "बाई... मी उपमेय."

नर्सबाईंनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधी पेशंटकडे पाहतात.

तसाच उठलो, तडक घरी. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर बसलो. म्हटलं, "अगं, मला कळलं. ती अन्योक्ती आहे." हिचे हात थांबले. आणि चेहरा... काय सांगू, असा उजळला की लग्नातला फोटो आठवला! म्हणाली, "मग? बोला ना काहीतरी."

आत इतकं होतं हो, इतकं होतं... कविता कधीपासून लिहितेस, दिवसभर तुझ्या मनात काय चालतं, सगळं विचारायचं होतं. आणि तोंडातून निघालं काय? "आपल्या फ्रीजच्या दाराचं रबर बदलायला झालंय." मी आपला फ्रीज दुरुस्त करणारा माणूस!

हिनं घडी पूर्ण केली. म्हणाली, "बदला."

यंदाच्या अंकात हिची नवी कविता आलीये. खिडकीवर. आता मी काय, तयारीचा गडी! चारदा वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या, म्हटलं गज असेन, पडदा असेन, निदान काचेवरची धूळ तरी असेन! शेवटी विचारलंच, "अगं, यात मी कुठाय?"

चिडली नाही हो. शांतपणे म्हणाली, "यात तुम्ही नाही."

शनिवारी बाईंना गाठलं. म्हटलं, बाई, नवरा कवितेतच नसला, तर त्याला कोणता अलंकार म्हणायचा? बाईंनी खडू ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

म्हणाल्या, "ते अभ्यासक्रमात नाही."