श्राद्धाच्या दिवशीची गोळी

आमचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले म्हणतात, कधी ते मजला काय ठावं, मी ओरत्तनाडूत जन्मलें, तंजावुरात दिली मजला, घरात मराठी, बाहेर तमिळ, एवढंच आमचं.

काय सांगू तुम्हाला, लेक जाहली तेव्हा रक्त इतकं गेलं की वाचली हेच पुष्कळ म्हणाले सगळे. पण दूध आलंच नाही, लेक गाईच्या दुधावर वाढली. मग पाळी येईना, केस गळले, ह्या तंजावुरच्या उकाड्यात मी शाल घेऊन बसत असें, तांदूळ निवडता निवडता डोळा लागायचा. सासूबाई, मी आत्याबाई म्हणतें त्यांना, ओट्यावर बसून शेजारणीला सांगायच्या, सून नव्हे, अजगर आणलाय घरात. मजलाही वाटायला लागलं, असेन मी आळशी.

लेक कॉलेजात गेली, तिनंच मोठ्या डॉक्टरिणीकडे नेलं. ती म्हणाली, अम्मा, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, गळ्यातल्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना तीच हुकूम देते, बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा ती सुकली, हुकूमच जाईना तर बाकीच्या काम कशा करणार. गोळ्या दिल्या, जन्मभराच्या, आणि बजावलं, ही स्टेरॉइडची एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर दुप्पट. घेऊ लागलें तशी हळूहळू माणसांत आलें.

मग मामंजींचं श्राद्ध आलं. आमच्यात मडीनं, म्हणजे तुमच्या सोवळ्यानं, रांधायचं, आणि भटजी जेवेपर्यंत रांधणारीच्या तोंडात पाणीसुद्धा नाही. आत्याबाई म्हणाल्या, एका दिवसानं काय होतंय, जेवणं झाल्यावर घे. मीही घेतली नाही. पायस ढवळता ढवळता ओकारी आली, घेरी आली, चुलीपुढेच पडलें. हॉस्पिटलात सुई टोचल्यावर डोळे उघडले. डॉक्टरीण आत्याबाईंना सांगत होती, आणखी उशीर होता तर गेलीच असती, ही आळशी नाही, आजारी आहे, कैक वर्षांची.

यंदा श्राद्धाला आत्याबाई स्वतः गोळी नि पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, आधी हे, मडी मागनं. भटजी काय म्हणतील म्हटलं, तर म्हणाल्या, त्यांना मी बघतें.

बरं वाटलं मजला. पण राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. सगळी उमर अंग ओढण्यात गेली, त्यात कुणी एकदा, थकलीस, पड जरा, म्हणालं असतं तर. आता आत्याबाईंचं अंग चालेना, त्यांना न्हाऊ मीच घालतें. देव त्यांना सुखानं नेवो. मजला आणखी थोडं ठेवो, उद्या लेक थकलें म्हणाली तर ऐकायला कुणी हवं की.