रोज न्हाणलेली शिवराई

मंडळी, ऐका. मागच्यांनी जरा पुढं सरका, माझा आवाज लहान आहे. आमचे पेटीवाले माझ्यावर दया करून पेटी हळू वाजवतात, तरी माझ्यापेक्षा तीच जास्त ऐकू येते.

आज प्रश्न एकच. ज्याला काही कळत नाही, तो चुकला तर आपण हसून सोडून देतो. पण ज्याला खरं-खोटं कळतं, ज्याच्या शब्दावर चार माणसं विसंबतात, तो चुकला तर? ती चूक कुणाच्या अंगावर जाते? मला उत्तर येत नाही. पूर्वी येतं असं वाटायचं. गोष्ट मात्र येते, ती सांगतो.

एक होते अनंतराव करडे. तांबट. तांब्याची भांडी घडवणारं घराणं. हातोडीखाली पत्रा कसा बोलतो ते पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. वय झालं, खांदा दुखू लागला, हातोडी ठेवली. पण तांब्याची ओढ कुठे सुटते? लेकीनं फोन घेऊन दिला, आणि या गृहस्थांना फोनवर जुनी तांब्याची नाणी विकत मिळतात असा शोध लागला. झालं. आठवड्याला एक पाकीट दारात.

नाणं आलं की आधी ते स्वच्छ पाण्यात. मग खोबरेल तेलात, दोन-दोन महिने. मग बांबूच्या बारीक काडीनं अक्षरांतली माती उचलायची, एकेक कण. पण नाण्यावरचा हिरवा-काळा थर? त्याला हात लावायचा नाही. तो थर म्हणजे नाण्याचा जन्मदाखला, असं ते म्हणत. शंभर-दोनशे वर्षं मातीत पडल्याशिवाय तो येत नाही. लबाड लोक नवं नाणं ओततात आणि रसायनात बुडवून हिरवं करतात, पण तो रंग नखानं निघतो. अनंतराव एक नजर टाकत आणि सांगत, खरं की नक्कल. 

त्यांच्या बायकोचं नाव कुमुदताई. तिला ताकीद होती, माझ्या नाण्यांना चिंचेचा हात लावायचा नाही. ती देवाची उपकरणी चिंच-मीठ लावून लखलखीत करायची ना! ती म्हणाली, "माझ्या चिंचेनं घासलेलं देवाला चालतं. तुमच्या नाण्यांना चालत नाही. मोठी सोवळ्यातली नाणी तुमची."

हसलात ना? हसा. आता हसून घ्या.

तर फोनवर नाणी जमवणाऱ्यांचा एक ग्रुप होता. कुणी फोटो टाकायचा आणि विचारायचं, "तांबटकाका, खरं का हो?" तांबटकाकांचा निकाल आला की वाद संपला. इतका मान. मंडळी, मान हा फार हळू चढतो. कुठल्या दिवशी चढून बसला ते कळत नाही.

श्रावणात अनंतरावांनी एक शिवराई मागवली. शिवराई तुम्हाला ठाऊक आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. विकणारे होते देवरुखच्या पुढच्या एका गावातले नाना मुळ्ये. शेजारच्या सुनेनं त्यांना फोटो काढून दिला होता. खाली नानांनी दोनच ओळी सांगून लिहून घेतल्या होत्या – 'घरच्या देवातली शिवराई. रोज न्हाणलेली.'

पाकीट आलं. अनंतरावांनी नाणं हातात घेतलं आणि कपाळाला आठी. नाणं लखलखीत! हिरवा थर नाही, काळा नाही, नावालासुद्धा नाही. अक्षरं बोथट, 'श्री'ची वेलांटी तर पुसल्यासारखी. तराजूवर ठेवलं. शिवराई अकरा ग्रॅमच्या आसपास भरायची, ही भरली साडेआठ. मग त्यांनी ते दगडी पाट्यावर टाकलं. तांबटाची शेवटची परीक्षा कानाची असते. ओतलेलं नाणं बद्द वाजतं. ठोकून पाडलेलं नाणं गातं.

ते नाणं गायलं.

अनंतराव थांबले. पुन्हा टाकलं. पुन्हा तोच आवाज, स्वच्छ. पण मंडळी, डोळ्यासमोर चकाकी होती, तराजूवर आकडा होता, आणि शिवराई मागवल्याचं कळल्यापासून ग्रुपवर माणसं निकालाची वाट पाहत होती. कान एकटा पडला. त्यांनी फोटो टाकला, विकणाऱ्याचं नाव टाकलं आणि लिहिलं – 'नक्कल. ओतीव. देवातली म्हणे! रोज न्हाणलेली म्हणे! शिवराई आहे की बाळंतीण?'

काय हशा पिकला. निकालाखाली अंगठे उठले. फोनवरचे अंगठे, बरोबर आहे असं सांगणारे. बावीस. आकडा लक्षात ठेवा.

नाणं त्यांनी परत पाठवलं. सोबत चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात – 'सदर नाणे नकली आहे. अ. करडे.'

आता दीड महिना पुढं चला. घटस्थापनेचा आदला दिवस. मागीलदारी कुमुदताई सगळी उपकरणी घेऊन बसलेल्या. अनंतराव पाणी ओतून देत होते. तिनं ताम्हण पुढं केलं, धुवून ठेवा म्हणून. ताम्हण त्यांनीच घडवलेलं, लग्नाच्या वर्षी, एक्केचाळीस वर्षांपूर्वी. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव ठोकलं होतं, 'सौ. कुमुद'. त्यांनी सहज अंगठा फिरवला. नाव लागेना. चष्मा लावला. 'कु' अर्धा. 'मु' नाही. 'द'चा नुसता शेपटा.

ते उठले, ताम्हण तराजूवर ठेवलं. घडवलेल्या भांड्याचं वजन तांबट विसरत नाही. पंचवीस ग्रॅम कमी.

"अगं, हे कमी कसं भरतंय?"

कुमुदताईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. "चाळीस वर्षं रोज घासतेय. झिजणार नाही तर काय वाढेल?"

मंडळी, अनंतराव तिथंच, ओल्या फरशीवर बसले. वजन कमी. अक्षर बोथट. हिरवा थर नाही. आणि हे ताम्हण तर त्यांच्याच हातचं, त्याला नक्कल कसं म्हणणार? देवातली. रोज न्हाणलेली. त्या माणसानं सगळं लिहिलं होतं हो! मातीत पडलेलं नाणं त्यांना वाचता येत होतं. देवघरात नांदलेलं नाणं येत नव्हतं. आणि ते देवघर त्यांच्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या हाताखाली होतं.

दुसऱ्या दिवशी घट बसवले आणि त्यांनी एसटी धरली.

नाना मुळ्ये ओटीवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, एकटे. आत सामानाची खोकी बांधलेली. अनंतरावांनी नाव सांगितलं. नाना रागावतील असं त्यांना वाटलं होतं, तशी तयारी करून ते आले होते. नाना म्हणाले, "अरे वा, बसा. एवढ्या लांबून आलात. चहा जमेल मला करायला."

चहा होईपर्यंत नानांनी आपण होऊन सगळं सांगितलं. बायको, मथूताई, गेल्या वर्षी गेली. आता मुलगी नागपूरला नेतेय. तिचं घर लहान, बाबा सगळं आणू नका म्हणाली. मूर्ती भाच्याकडे दिल्या, शिवराई राहिली. देवळात दिली तर दानपेटीत जाईल. नाणी जमवणारा निदान कापसात ठेवील, म्हणून विकायला काढली. पणजोबांपासूनची. मथूताईनं पंचावन्न वर्षं न्हाणली. शेवटच्या महिन्यात उठवत नव्हतं, तर म्हणायची, जरा तळहातावर ठेवा. मग अंगठ्यानंच पुसत राहायची.

आणि चिठ्ठी आल्यानंतर? ग्रुपमधला कुणीतरी त्याच गावचा निघाला. गिरणीत दळण टाकायला गेले तर एकजण म्हणाला, "काय नाना, हल्ली देव कुठून मागवता?" नाना हे सांगताना हसले. 

अनंतरावांनी विचारलं, "शिवराई कुठाय?"

नानांनी नदीच्या दिशेनं हात केला. "सोडली डोहात. खोटा देव घरात ठेवत नाहीत ना. तुम्ही जाणकार, लिहून दिलंत. देवाचं एक सोडा हो. पण मला मथूचं वाईट वाटलं. पंचावन्न वर्षं बिचारी खोट्यालाच न्हाणत राहिली."

आता थांबा, मंडळी. इथं तुम्ही काय केलं असतं? गप्प राहावं, तर हा म्हातारा बायकोची पंचावन्न वर्षं खोटी मानून नागपूरला जाणार. खरं सांगावं, तर पणजोबांचा खरा ठेवा आपल्या हातानं डोहात टाकला, हे ओझं त्याच्या डोक्यावर जाणार. दोन्हीकडे घाव, आणि दोन्ही घाव अनंतरावांच्या चिठ्ठीचे. मी घरी बसून पुष्कळ विचार केला. मी बहुधा चहा पिऊन उठून आलो असतो.

अनंतराव म्हणाले, "नाना, ती खरी होती. मी चुकलो. वाजवून पाहिली तेव्हा तिनं सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. बशीतला चहा निवला. मग त्यांनी विचारलं, "मग झिजली कशानं?"

"वहिनींच्या हातानं."

नाना रडले. तोंडावर उपरणं घेऊन, लहान आवाजात. अनंतराव समोर बसून राहिले. पाया पडायचं धैर्यही त्यांना झालं नाही. थोड्या वेळानं नाना आत गेले, वहीचा कागद आणि पेन घेऊन आले. 

"त्या वेळी लिहून दिलंत, तसं हेही द्या. तिच्या फोटोमागं ठेवतो."

अनंतरावांनी लिहिलं – 'सदर नाणे खरे होते.' आणि 'होते' या शब्दावर पेन टेकलेलंच राहिलं, शाई पसरली. नानांनी फुंकर मारून कागद वाळवला.

मंडळी, परत आल्यावर अनंतरावांनी ग्रुपवर सगळं लिहिलं. माझी चूक, नाना मुळ्ये प्रामाणिक, नाणं अस्सल. त्याखाली अंगठे किती उठले? तीन. निकालाला बावीस, माफीला तीन. नक्कल म्हणायला माणसं मिळतात. पुढं त्यांनी नाणी घेणं सोडलं. मी एकदा भेटलो तर ताम्हणाकडे बोट करून म्हणाले, "बुवा, मी हिला एवढीच विनंती केलीय, आता जरा हलक्या हातानं घास. नाव राहू दे थोडं."

हे मला कसं ठाऊक, असं तुमच्या मनात आलं असेल. नाण्यांतलं मला काही कळत नाही. जुनी अक्षरं वाचायची हौस, म्हणून मी त्या ग्रुपवर होतो. बाळंतिणीचा विनोद वाचून मी हसलो होतो. बावीसांतला एक अंगठा माझा. तिघांत मी नव्हतो. लाज वाटली, म्हणून फोन बंद करून ठेवला. कीर्तनकारानं असं सांगू नये कदाचित. पण चूक कुणाच्या अंगावर जाते हे विचारून मी सुरुवात केली, आणि आता अनंतरावांकडेच बोट दाखवून खाली बसलो तर ती दुसरी चूक होईल.

तुमचे अंगठे तुम्ही आठवा. कुणाबद्दल, कधी उठले होते ते. मी विचारणार नाही.

आता आरती. आपल्या देवळाचं हे जुनं ताम्हण तुमच्यातून फिरेल. जे टाकायचं ते टाका, पण काठावरून एकदा बोट फिरवा. तिथं ते देणाऱ्या बाईचं नाव आहे. तीस वर्षं मी ते वाचायचा प्रयत्न करतोय. 'सौ.' एवढंच लागतं.