रानातली गणती

कानाच्या दवाखान्यात नावं नोंदवणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही. पक्षी मोजणाऱ्या आजोबांचं बोलणं बाहेर रस्त्यावरही पोचत असणार.

"कान ठणठणीत आहेत माझे. हिवाळ्यात शेतातले पाहुणे पक्षी मीच मोजले ना?"

"शेतात पक्षी दिसतात हो. दाट रानात नुसत्या आवाजावर मोजावे लागतात," सोबत आलेल्या आजी म्हणाल्या.

"रानात उरलेत कुठे? यंदा विणीच्या हंगामातही सगळं चिडीचूप. तसंच कळवणार आहे मी."

"मी शेजारीच उभी होते. कलकलाटानं कान किटले माझे."

"सगळे होते?"

"सगळे. तो बारीक शीळ घालणारासुद्धा."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं."

आजोबा आजींकडे वळले.

"आहेत ना पण? मग कान गेले तर गेले. पुढच्या खेपेला तू ऐक, मी लिहितो."