दोन पोती काळी माती

तापाजोस नदीच्या धक्क्यावर पैलतीरी नेणाऱ्या इंजिनाच्या तराफ्याची वाट बघणाऱ्या ज्यासिराचे कान मघापासून पुढच्या दोघांकडेच होते. म्हातारी झुलेइदे आणि तिचा दीर अदाउतो यांची जुंपली होती.

“वहिनी, तुमचंही जंगल जाळून कुरण करा. माझं बघा, कसं हिरवंगार!”

“होतं, पहिले तीन पावसाळे. आता तिथं गाईंपेक्षा वारुळं जास्त दिसतात, भाऊजी.”

“दरसाल आग लावली की गवत फुटतं पुन्हा.”

“लावा की! झाडांचा धूर झालाच, आता मातीतला कसही त्याच वाटेनं चाललाय.”

“माती कुठं जातेय? जागच्या जागी तर आहे.”

“आहे ना, विटेसारखी! पिढ्यानपिढ्या पाला कुजून साठलेला काळा कस होता तिच्यात. तो उडाला हवेत. त्यालाच कार्बन म्हणतात.”

“कार्बन म्हणे! शहरातल्या पोरांनी डोकं फिरवलंय तुमचं.”

“बरं, माझं फिरलंय.”

“ते राहू द्या. आमच्या हिनं तुमच्या जंगलातली दोन पोती माती मागितलीय. जुन्या होडीचा वाफा करून कांद्याची पात लावायचीय तिला.”

“एवढं कुरण पडलंय की तुमचं.”

“तिथली नको म्हणाली.”

“का?”

“...तिथं काही उगवत नाही म्हणे.”

तराफ्याचा भोंगा वाजला.

“न्या हो, भाऊजी. रिकामी पोती तरी आणलीत ना, की तीही जाळलीत?”